घणसोलीच्या फ्लॅटचं होम लोन चालू आहे, क्रेडिट कार्डवरही १ लाख थकलेत, बोनस आलाय तर आधी काय फेडू?

आधी कार्ड, विचारच करू नका. होम लोनचं व्याज वर्षाला साधारण ७ ते ९ टक्के असतं, कार्डवाले बरेचदा महिन्यालाच साडेतीन टक्के लावतात, म्हणजे १ लाखावर ३,५०० आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा, असे ४,१३० रुपये एका महिन्यात गेले बघा. नुसतं मिनिमम ड्यू (बिलावरची किमान रक्कम) भरत राहू नका हो, मुद्दल जवळपास हलतच नाही आणि नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, मी खारघरला असताना दोन वर्षं हेच केलं, फार मनस्ताप झाला. बोनसमधून काही उरलं तर होम लोनमध्ये टाका, फ्लोटिंग रेट (बदलता व्याजदर) असेल तर प्रीपेमेंटचा, म्हणजे मुदतीआधी पैसे भरल्याचा, दंड नसतो, फक्त बँकेला लेखी द्या की ईएमआय तोच ठेवा, मुदत कमी करा.