दिवा लागला : हवा गेली की सेन्सर गेला?

या वेळची सगळी पत्रं डॅशबोर्डवरच्या एकाच पिवळ्या दिव्याबद्दल आहेत. घोड्याच्या नालासारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह असलेला हा टीपीएमएसचा, म्हणजे टायरच्या हवेवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा दिवा. सगळ्यांनाच एक विनंती: सेन्सरवर संशय घेण्याआधी हातात स्वतःचा गेज, म्हणजे हवेचा दाब मोजायचं साधन, घ्या. चांगला डिजिटल गेज एका सेन्सरच्या किमतीपेक्षा स्वस्त पडतो, आणि निम्म्या तक्रारींचा निकाल तोच लावतो.

प्रश्न (नाशिक): थंडी सुरू झाल्यापासून रोज सकाळी दिवा लागतो आणि दुपारी आपोआप विझतो. पंपावर चारही चाकांत 33 हवा भरून घेतली आहे. सेन्सर बिघडला असेल का?

तुमचा सेन्सर बहुधा खरं बोलतोय. हवा केव्हा भरली ते आठवून पाहा. हायवेवरून तासभर चालवून पंपावर आलात, तर टायरच्या आतली हवा सहज 50 अंशांवर गेलेली असते. त्या गरम हवेला 33 मोजले, म्हणजे तुम्ही कमी हवा भरलीत. मोटारीच्या टायरमध्ये दर 10 अंशांच्या फरकाला साधारण दीड पीएसआयचा (हवेच्या दाबाचं माप, तुमचे 33 त्यातलेच) फरक पडतो. सकाळी 10 अंश तापमानात तोच टायर 27 च्या आसपास उतरतो. टायरमधून महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपसूक झिरपते, ती धरली की 25. बहुतेक गाड्यांत ठरलेल्या दाबाच्या पंचवीस टक्के खाली आलं की दिवा लागतो, आणि 33 च्या पंचवीस टक्के खाली म्हणजे 25 च. दुपारी ऊन चढलं, चाकं फिरून तापली, की आकडा पुन्हा वर जातो आणि दिवा विझतो.

उपाय असा. गाडी किमान तीन तास उभी असताना, ऊन पडायच्या आत, चारही चाकं आपल्या गेजने मोजा. पंप दीड किलोमीटरच्या आत असेल तर तिथे जाऊन भरा. लांब असेल तर घरचा छोटा कॉम्प्रेसर वापरा, किंवा घरी मोजून प्रत्येक चाकात किती कमी आहे ते लिहून न्या आणि पंपावर तेवढीच भर घाला. किती हवी हे पंपावरच्या मुलाला विचारू नका. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर दिसतो, त्यावर लिहिलेलं असतं. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांचा आकडा बऱ्याचदा वेगळा असतो. गरम टायरमध्ये जास्त दिसते म्हणून हवा सोडून देऊ नका.

एवढं करूनही पाच-सहा दिवसांत एकच चाक तीन-चारने उतरलं, तर तिथे बारीक खिळा आहे किंवा व्हॉल्व्ह गळतोय. तेव्हाही सेन्सर निर्दोषच.

प्रश्न (सोलापूर): गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकतो, मग स्थिर राहतो. स्क्रीनवर तीन चाकांचे आकडे येतात, मागच्या डाव्या चाकाच्या जागी नुसत्या रेघा. गाडी सात वर्षांची आहे. वर्कशॉप चारही सेन्सर बदलायला सांगतंय. गरज आहे का?

लुकलुकणं महत्त्वाचं आहे. दिवा लागून सरळ तसाच राहिला तर हवा कमी. साठ ते नव्वद सेकंद लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणेतच बिघाड, म्हणजे गाडीला एखाद्या चाकाकडून संदेश मिळत नाही. तुमची दुसरी गत आहे.

आतला सेन्सर असतो कसा ते समजलं की पुढचं सोपं. डिस्कच्या, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाच्या, आतल्या बाजूला, व्हॉल्व्हच्या बुंध्याशी काडेपेटीएवढी प्लॅस्टिकची डबी बसवलेली असते. तिच्यात दाब मोजणारी चिप, छोटा ट्रान्समीटर आणि नाण्यासारखा लिथियम सेल असतो. शंभरच्या वेगाला तीस ग्रॅमची ही डबी सुमारे साडेचार किलो वजन टांगल्यासारखी बाहेर ओढली जाते, म्हणून सेल आणि सर्किट रेझिनमध्ये ओतून घट्ट बसवलेले असतात. त्यामुळेच सेल बदलता येत नाही. तो संपला की सेन्सर संपला. आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं. सात वर्षांच्या गाडीत रेघा दिसणं म्हणजे बहुधा सेल उतरला. पूर्वी थंड सकाळी रेघा येऊन दुपारी आकडा परत येत असेल, तर जवळपास खात्रीच, कारण थकलेला सेल गारठ्यात आधी मान टाकतो.

तरीही पैसे देण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, त्या चाकाच्या जागी स्टेपनी लावलेली नाही ना? बहुतेक स्टेपनीत सेन्सर नसतो, त्यामुळे ती लावून थोडं अंतर गेलं की दिवा लुकलुकणारच.

दुसरी, गाडीत नुकतंच काय बसवलं? स्वस्त यूएसबी चार्जर, डॅशकॅम किंवा एलईडी बल्ब यांच्यातून निघणारा विद्युत गोंगाट सेन्सरच्या क्षीण संदेशावर मात करू शकतो. सगळं काढून वीस मिनिटं चालवून पाहा. उभ्या गाडीत सेन्सर झोपलेला असतो आणि साधारण 25 ते 30 च्या वेगाला जागा होतो, म्हणून गल्लीत एक फेरी मारून निष्कर्ष काढू नका.

तिसरी, टीपीएमएसचं हातातलं यंत्र असलेल्या टायरवाल्याकडे जा. तो ते यंत्र व्हॉल्व्हपाशी टायरच्या बाजूला धरून बटण दाबतो. सेन्सर जागा होऊन आपला ओळख क्रमांक, दाब, तापमान आणि बऱ्याचदा सेलची अवस्था कळवतो. चारही चाकांना हे दहा मिनिटांत होतं. तीन बोलले आणि चौथा गप्प राहिला, तर निदान झालं. चौथाही बोलला, तर दोष सेन्सरचा नाही. गाडीच्या रिसीव्हरमध्ये किंवा नोंदणीत शोधायला हवा. ही तपासणी न करता चार सेन्सरचं बिल फाडणाऱ्याला थांबवा.

आता एक की चार? चारही सेन्सर एकाच दिवशी कारखान्यात बसले, तेव्हा बाकीचे तीनही त्याच वयाचे आहेत. टायर येत्या वर्षात बदलायचे असतील तर आत्ता एकच बदला आणि नवे टायर बसवताना उरलेले तीन करा, कारण तेव्हा टायर डिस्कवरून उतरणारच असतो आणि मजुरी वाचते. टायर आत्ताच जुने झाले असतील, तर टायर आणि सेन्सर एकदमच उरका. टायर नवे असतील आणि बाकी तीन सेल यंत्रावर ठीक दाखवत असतील, तर एकावर भागवा.

खरेदी करताना दोन गोष्टी बघा. आपल्याकडच्या गाड्यांचे सेन्सर 433 मेगाहर्ट्झवर बोलतात. अमेरिकी बाजारातले बरेच 315 वर बोलतात. ते बसतील व्यवस्थित, पण गाडीला ऐकू येणार नाहीत. ऑनलाइन स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका. दुसरं म्हणजे नोंदणी. गाडी फक्त स्वतःकडे नोंदलेले चार क्रमांक ऐकते, नाहीतर सिग्नलला शेजारी उभ्या गाडीची हवा तुमच्या स्क्रीनवर दिसली असती. काही गाड्या वीसेक मिनिटं चालवल्यावर नवा सेन्सर स्वतः ओळखतात, काहींना स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीतले दोष तपासायच्या जोडणीला) यंत्र लावून क्रमांक भरावा लागतो. प्रोग्रॅम करता येणारा सेन्सर घेतला तर त्यात जुन्याच सेन्सरचा क्रमांक उतरवता येतो, मग गाडीला बदल कळतच नाही. पण त्यासाठी जुना क्रमांक हवा, आणि मेलेला सेन्सर तो सांगत नाही. काही सेन्सरच्या अंगावर तो छापलेला असतो. म्हणून काढलेला सेन्सर टाकू देऊ नका.

काम झाल्यावर बॅलन्सिंग करून घ्या. मग त्या चाकातली चारेक पीएसआय हवा सोडून थोडं चालवा. स्क्रीनवर त्याच चाकाचा आकडा उतरला पाहिजे. दुसऱ्याच चाकाचा उतरला, तर जागा उलटसुलट नोंदल्या गेल्या आहेत. तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या आणि हवा परत भरा.

प्रश्न (रत्नागिरी): पुढच्या चाकाची हवा आठवड्याला पाच-सहाने उतरते. टायर पाण्यात बुडवून पाहिला, पंक्चर नाही. व्हॉल्व्हचं टोपणही गच्च बसलंय, फिरतच नाही.

किनाऱ्यावरच्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. सेन्सरचा धातूचा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असतो. त्यावर कुणीतरी हौसेने पितळी किंवा क्रोमचं टोपण लावतं, किंवा व्हॉल्व्हच्या आत हवा अडवणारी साधी पितळी पिन बसवतं. दोन वेगळे धातू आणि खारी दमट हवा एकत्र आली की ॲल्युमिनियम गंजतं, पांढरी भुकटी धरते आणि आटे एकजीव होतात. जोर लावला तर टोपणाबरोबर व्हॉल्व्हचं नळकांडंच तुटतं आणि टायर जागेवर बसतो.

म्हणून हे काम रस्त्यात करू नका; टायरवाल्याच्या दुकानात, टायर काढायची तयारी ठेवून करा. आधी साबणाचं पाणी व्हॉल्व्हच्या बुंध्याशी लावा. नटाच्या कडेने बारीक फेस येत राहिला, तर आतली रबरी सील गेली आहे. सील, वॉशर, नट, निकेलचा मुलामा असलेली पिन आणि टोपण यांचा छोटा संच मिळतो. सेन्सर तोच ठेवून एवढंच बदलायचं असतं, आणि खरं तर टायर उतरेल त्या प्रत्येक वेळी हे व्हायला हवं. एकदा दाबली गेलेली सील दुसऱ्यांदा तशी बसत नाही. नट सेन्सरच्या जातीनुसार चार ते आठ न्यूटन-मीटरलाच (आवळण्याच्या जोराचं माप) आवळतात. चाकाच्या नटाला शंभरच्या आसपास लागतात हे लक्षात घेतलं की फरक कळेल. एअर गनने आवळला तर सील फाटते किंवा नळकांड्याला चीर जाते. टोपण कायम प्लॅस्टिकचं, आतून रबरी रिंग असलेलं लावा.

पंक्चरवाल्याकडे गेलात तर टायर यंत्रावर चढायच्या आधी सांगा, आत सेन्सर आहे. टायरची कड डिस्कपासून सोडवणारं फावडं व्हॉल्व्हच्या जवळ दाबलं की डबी फुटते. ते व्हॉल्व्हपासून लांबच्या बाजूला लावायचं असतं. आणि टायरमध्ये पंक्चररोधक जेल ओतू देऊ नका. दाब मोजण्यासाठी सेन्सरला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. जेलने ते बुजलं की आकडा एका जागी अडकतो, आणि हवा निघून गेली तरी स्क्रीन 33 च दाखवत राहते. रेघा दिसण्यापेक्षा हे जास्त घातक.

प्रश्न (ठाणे): सेन्सर बदलायला गेलो तर मेकॅनिक म्हणाला, तुमच्या गाडीत सेन्सरच नाहीत. मग दिवा कसा लागतो?

त्याचं बरोबर आहे. स्क्रीनवर चाकागणिक आकडे दिसत नसतील, तर तुमची यंत्रणा बहुधा अप्रत्यक्ष जातीची आहे. हवा कमी झालेल्या टायरचा घेर किंचित कमी होतो, म्हणून तो बाकीच्यांपेक्षा जरा जलद फिरतो. एबीएसचे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, चाकाचा वेग मोजणारे सेन्सर हा फरक पकडतात.

अशा गाडीत हवा भरल्यावर, टायर बदलल्यावर किंवा चाकांची अदलाबदल केल्यावर बटण दाबून किंवा मेनूतून रीसेट करावं लागतं. आणि इथेच चूक होते: दिवा त्रास देतो म्हणून हवा न भरताच रीसेट दाबतात. गाडी तोच कमी दाब योग्य म्हणून शिकते आणि पुढे गप्प बसते. आधी गार टायरमध्ये चारही चाकांची हवा बरोबर करा, मग रीसेट, मग वीस-तीस मिनिटं चालवा. एकच टायर नवा आणि बाकी झिजलेले असतील तर घेराच्या फरकाने खोटा दिवा लागू शकतो. शिवाय चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर ही यंत्रणा सहसा ओळखत नाही, तेव्हा महिन्यातून एकदा गेज लावाच.

प्रश्न (म्हापसा): टोपणाच्या जागी बाहेरून बसणारे सेन्सर घेतले तर चालतील?

सेन्सर नसलेल्या गाडीला चांगले. सेल घरीच बदलता येतो. पण गाडीचा स्वतःचा दिवा त्याने विझणार नाही. त्यांची वेगळी स्क्रीन असते. हा सेन्सर व्हॉल्व्हची पिन सतत दाबून ठेवतो, म्हणून हवा अडवायला फक्त त्याची रबरी रिंग उरते. बसवल्यावर आणि नंतर महिन्याला एकदा साबणाचं पाणी लावून पाहा. दहा ग्रॅमचा हा सेन्सर शंभरच्या वेगाला दीड किलोसारखा ओढतो, तेव्हा जुने, भेगाळलेले रबरी व्हॉल्व्ह आधी बदला.

प्रश्न (पुणे): चारही सेन्सर काढून साधे व्हॉल्व्ह बसवले तर काय होईल?

गाडी चालेल. दिवा कायम लुकलुकून पेटलेला राहील, आणि खरंच खिळा लागेल तेव्हा कुणी सांगणार नाही. तुमच्या गाडीत स्टेपनी आहे का ते आधी बघा. 2020 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनात ट्यूबलेस टायर, दुरुस्ती किट आणि टीपीएमएस असेल तर स्टेपनी द्यायची सक्ती नाही. अशा गाडीत स्टेपनीच्या बदल्यात तुम्हाला जे मिळालं, त्यातलं अर्धं हे सेन्सर आहेत. किटमधला द्रव आणि कॉम्प्रेसर उपयोगी पडतात ते भोक लहान असताना, टायर रिकामा फिरून त्याची बाजू चिरडण्याआधी.