दवंडी दिली, ‘पाणी उकळून प्या’ सांगितलं. आता पुढं काय?

तुमचा प्रश्न मी असा समजले: शेजारच्या गावात आठ दिवसांपासून गॅस्ट्रोची साथ आहे. तुमच्याकडं अजून कुणी आजारी नाही. ग्रामपंचायतीनं दवंडी देऊन ‘पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका’ एवढं सांगितलं. निम्मं गाव एका विहिरीवर आहे, निम्म्याला आठ-दहा दिवसांनी नळ येतो. साथ गावात शिरण्याआधी काय करून ठेवावं?

मी लातूर जिल्ह्यात एकतीस वर्षं आरोग्यसेविका होते. तेवढ्या वर्षांत जे हातानं केलं आणि जे चुकलं, तेच सांगते.

सुरुवात विहिरीपासून करा, आणि आजच. दोरी घेऊन जा, विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मोजा. व्यासाचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले ७८५. मापं मीटरमध्ये असतील तर उत्तर लिटरमध्ये येतं. समजा व्यास चार मीटर आणि पाणी तीन मीटर, तर ३७,६८० लिटर झाले. हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हा नेहमीचा हिशोब. साथीच्या दिवसांत मी पाच ग्रॅमनं सुरुवात करायची, म्हणजे या विहिरीला एकशे नव्वद ग्रॅमच्या आसपास. हा आकडा विहिरीच्या कठड्यावर रंगानं लिहून ठेवा. पाणी उतरेल तसा तो बदलतो, म्हणून खोली आठवड्याला पुन्हा मोजायची.

पावडर नुसती वरून भुरभुरायची नाही. पुष्कळ गावांत तेच होतं आणि वर नुसता पांढरा तवंग दिसतो. बादलीत थोड्या पाण्यात पावडर लोण्यासारखी कालवा, एका बादलीत शंभर ग्रॅमच्या वर नको. मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घाला, ढवळा, दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती पोहऱ्यानं पाण्यात खोलवर सोडा आणि पोहरा वरखाली करत पाणी हलवा. खाली बसलेला चुना विहिरीत टाकायचा नाही. हे काम संध्याकाळी, पाणी भरणं संपल्यावर करा. पावडर कालवताना तोंडाला फडकं बांधा. क्लोरीनला काम करायला किमान अर्धा तास लागतो. रात्रभर मिळाला तर उत्तमच.

पावडरीचं पोतं कुठं आहे तेही बघून या. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. पोतं उघडं पडलं, ओल लागली की तो उडून जातो आणि मागं नुसता चुना उरतो. मी एका गावात कार्यालयाच्या कोपऱ्यात अशी दोन पोती बघितली. रजिस्टरमध्ये साठा पूर्ण होता, पण पावडरीला वास म्हणून नव्हता. पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवायला सांगा.

पावडर टाकली म्हणजे झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओटी टेस्ट करायची, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायचं. जलसुरक्षकाकडं किंवा उपकेंद्रात ते किट असतं. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो रंग तक्त्याशी जुळवायचा. एरवी लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला तरी चालतो, साथीत ०.५ तरी दिसायला हवा. रंग आला नाही तर पावडर कमी पडली, नाहीतर ती शिळी आहे. नळाचं पाणी तपासताना टाकीखालचा पहिला नळ धरू नका, सगळ्यात शेवटच्या गल्लीतला शेवटचा नळ धरा. टाकीपाशी पिवळाधमक रंग आणि शेवटच्या वस्तीत काहीच नाही, हे मी कितीदा तरी बघितलंय.

त्याचं कारण आपल्या पाणीवाटपातच आहे. आठ-दहा दिवस पाइप रिकामा पडतो. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात आणि गटाराच्या कडेनं गेलेल्या जोडांपाशी घाण पाणी साचलेलं असतं. पाइपात दाब नसला की ते फटीतून आत ओढलं जातं, आणि नळ सुटला की ती घाण पहिल्या पाण्याबरोबर घरात येते. म्हणून पहिली पाच-दहा मिनिटं आलेलं पाणी प्यायला भरू नका. ते सांडायचंही नाही, आपल्या भागात ते कुणाला परवडणार? भांड्यांना, संडासाला, जनावरांच्या गोठ्यात वापरा. आणि नळ येण्याच्या आदल्या दिवशी चार पोरं घेऊन व्हॉल्व्हचे खड्डे उपसून घ्या. एका साथीत आम्ही गावभर औषध वाटत फिरलो, पण साथ उतरली ती असा एक खड्डा उपसून जोड बदलल्यावर.

आता ‘उकळून प्या’चं. सल्ला खरा आहे, पण पाच माणसांच्या घरात नुसतं प्यायचं पाणी दहा-पंधरा लिटर होतं. ज्या घरात सिलिंडर महिना-महिना पुरवून वापरतात तिथं रोज तेवढं उकळणं होत नाही, आणि होत नाही म्हणून ते घर कानकोंडं होतं, पुढचंही ऐकत नाही. तिथं उकळलेलं पाणी लेकरं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायांपुरतं ठेवा, बाकीच्यांना क्लोरीनचं. खळखळून उकळी फुटून मिनिटभर राहिली की पुरे. वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. आशाताईकडून क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या मिळतात, किती लिटरला किती ते बाटलीवर आणि पाकिटावर लिहिलेलं असतं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून, निवळून, फडक्यानं गाळून घ्या, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. नुसत्या तुरटीनं जंतू मरत नाहीत, हे मात्र बायांना मुद्दाम सांगावं लागतं.

नळाला आलेला क्लोरीन पिंपात आठ दिवस टिकत नाही. म्हणून सगळं पिंप नाही, रोज प्यायची घागर तेवढी धरायची आणि थेंब तिच्यात टाकायचे. घागरीत हात आणि तांब्या बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं घ्यायचं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा लोकांनी मिळेल त्या भांड्यात पाणी साठवलं होतं. त्या उन्हाळ्यात मी घरोघर दुसरं काही बोलले नाही, झाकण आणि ओगराळं एवढंच बोलत होते. टँकर असेल तर भरतानाच निवळी आत सोडायला लावा, दहा हजार लिटरला पंचवीस ते पन्नास ग्रॅमच्या हिशोबानं. गावात पोचेपर्यंत अर्धा तास होऊन जातो.

आता जे माझ्या हातून चुकलं ते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझ्या एका गावात हगवण सुरू झाली. विहीर वाचवायच्या घाईत मी कोतवालाला सांगितलं, हलगी वाजवून सांगा, ‘ज्यांच्या घरी रोगी आहे त्यांनी विहिरीवर येऊ नये.’ आपल्याकडं पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, आठवण जुनी आहे. मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडायचा, म्हणजे रोग दुसऱ्या गावाला जाईल, हे ऐकतच आमची पिढी वाढली. गावानं माझ्या दवंडीचा अर्थ तसाच घेतला: रोगी असलेलं घर शिवेबाहेर. त्या रात्री एका घरानं आजारी आजीला मागच्या खोलीत लपवलं. पाणी बंद होईल, लोक दारात उभं करणार नाहीत, ही भीती. मी सकाळी त्याच गल्लीतून फिरले, सुनेनं दारातूनच ‘सगळे बरे आहेत’ म्हटलं. दुपारी बोलावणं आलं तोवर आजींची नाडी लागत नव्हती. त्या वाचल्या नाहीत. माझ्या पिशवीत सकाळी ओआरएसची वीस पाकिटं होती.

तेव्हापासून दवंडीचा मजकूर मी स्वतः लिहून द्यायला लागले. कुणाला काय बंद आहे ते त्यात नसायचं. कुणाला काय मिळेल, कुठं आणि कुणाकडून, तेवढंच असायचं. तुमच्या ग्रामपंचायतीला असं काही लिहून द्या: ‘ज्यांच्या घरी जुलाब-उलट्या होतात त्यांच्या घरी पाणी आणि ओआरएस पोचवलं जाईल. रात्री-अपरात्रीही आशाताईंचं दार वाजवा. पैसे लागत नाहीत.’ आणि खरंच पाणी पोचवा. प्रत्येक गल्लीला दोन तरुण नेमा, आजारी घराच्या घागरी ते भरतील. घर विहिरीवर येत नाही आणि लपतही नाही. साथ कुणाच्या घरातून, कुठल्या वस्तीतून आली याची चर्चा व्हॉट्सॲपवर सुरू झाली तर सरपंचांनी स्वतः बोलून ती थांबवावी. बोट दाखवलं की लोक आजार लपवतात.

ओआरएसची पाकिटं आजच मागून प्रत्येक गल्लीत एका घरी ठेवा. पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट पेल्यात नाही. ते पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर टाकून नवं करायचं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दोन वर्षांखालच्या लेकराला दर जुलाबामागं पाव ते अर्धा पेला, मोठ्या लेकराला अर्धा ते एक पेला, मोठ्या माणसाला मागेल तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं. अंगावरचं दूध तोडू नका, जेवण बंद करू नका. लेकरांना झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात. जुलाब थांबले म्हणून आया त्या मध्येच सोडतात.

सलाईन लावलं तरच इलाज झाला, असं आपल्याकडं मानतात. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. तिथं डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात भरून ठेवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. तीस टक्क्यांच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. मी हे बायांच्या बैठकीत नेहमी सांगायची. ‘नातेवाइकांनी पाजलं’ यावर त्या मान डोलवायच्या.

पण घरी किती वेळ थांबायचं याला हद्द आहे. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे पांढरट पाण्याचे होत असतील, डोळे खोल गेले असतील, लघवी बंद असेल, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की हळूहळू खाली जात असेल, लेकरू सुस्त पडून पिईनासं झालं असेल, शौचात रक्त असेल, तर क्षणही न दवडता १०८ ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत पिऊ शकत असेल तर पाजत राहा. अशाला बहुतेक वेळा सलाईन लागतं.

एका दिवसात दोन-तीन घरांत जुलाब दिसले की वाट बघू नका, त्याच तासाला आशाताई किंवा उपकेंद्राला कळवा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पथकाला रोग्याच्या शौचाचा नमुना अँटिबायोटिक सुरू होण्याआधी हवा असतो आणि पाण्याचा नमुना निर्जंतुक बाटलीतच. गाव घाबरून आधीच भराभर पावडर टाकतं आणि मग पाण्यात काय होतं ते कळायला मार्ग उरत नाही. म्हणून एक नमुना घेऊन मग टाका, पण नमुन्यासाठी दिवसभर थांबू नका.

गावात हरिनाम सप्ताह, लग्न असं काही ठरलं असेल तर पंगतीचं पाणी कुठून येणार ते आधी विचारा. कार्यक्रम पुढं ढकलता आला तर बरं. नाही ढकलता आला तर पाण्याच्या टाकीची ओटी टेस्ट करूनच पंगत बसवा, अन्न गरम वाढा, वाढणाऱ्यांचे हात साबणानं धुवून घ्या, आणि ज्याला जुलाब होतायत त्यानं वाढायला येऊ नये. लेकरांची शी निर्दोष असते असं समजून ती अंगणात टाकतात, तेही थांबवा. ती संडासातच गेली पाहिजे.

विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मोजून झाली की कळवा. पावडर किती, बादल्या किती, ते काढून देते.