काटोलात राहावं की नागपूरहून ये-जा करावी?

(वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात संत्र्याच्या आंबिया बहाराविषयी लिहिताना मी ओघात 'आमचं काटोल' असं लिहून गेलो. खत-फवारणीवर दोनच पत्रं आली, काटोलवर मात्र ढीगभर. तेव्हा या खेपेला फवारणीला सुट्टी. मी तिथलाच, नोकरी कृषी खात्यात झाली, आता घर नागपुरात आणि बाग धाकट्या भावाकडे. त्यामुळे गावाची बाजू घेऊन बोललो तर चालवून घ्या.

माझ्या मुलाची बँकेत बदली झाली, काटोलला. आम्ही त्रिमूर्तीनगरला राहतो. मुलगा म्हणतो रोज जाणं-येणं करीन, सून म्हणते तिथेच खोली घेऊ. नातू अडीच वर्षांचा आहे. गाव राहण्यासारखं आहे का?
– एक आजी, नागपूर

ताई, सुनेचं ऐका. कळमेश्वरवरून काटोल साठेक किलोमीटर. एसटी आहे, इटारसीकडे जाणाऱ्या काही गाड्याही थांबतात. पण बँकेची वेळ आणि गाडीची वेळ यांचं कधी जमत नाही. पावसाळ्यात तर मुलगा घरी पोचेपर्यंत नातू झोपलेला असेल.

काटोल तालुक्याचं ठिकाण आहे, नगर परिषद जुनी आहे. 2011 च्या जनगणनेत वस्ती चाळीस हजारांच्या वर होती. कोर्ट, तहसील, बाजार समिती, जिनिंग, शाळा-कॉलेज, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र, सगळं आहे. जाम नदी गावाला लागून जाते. पारडसिंग्याला अनसूया मातेचं देऊळ जवळ आहे, सून हौशी असेल तर नातवाला घेऊन जाईल. उन्हाळा मात्र नागपूरसारखाच, कूलरला पाणी भरायचं काम तिथेही सुटत नाही. घरमालक भाडं ठरवायच्या आधी तुमचं मूळ गाव आणि नातेवाईक विचारेल, त्याचा राग मानू नका. ओळख निघाली तर भाड्यात थोडं कमीही होतं.

आता मुलासाठी दोन गोष्टी, कारण त्याच्या नोकरीचं वर्ष तिथल्या झाडांवर चालणार आहे. काटोल-नरखेड आणि पलीकडचं वरूड-मोर्शी हा सगळा संत्र्याचा पट्टा. गावात पैसा दोनदा येतो. हिवाळा सरता फुललेल्या आंबियाची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर, पावसाच्या तोंडाशी फुललेल्या मृगाची साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. तोड सुरू झाली की सोनाराकडे गर्दी, मोटारसायकलच्या शोरूमपुढे हार-नारळ, लग्नाची सभागृहं भरलेली. आणि फेब्रुवारीत गारपीट झाली, तर कापडवाला दुपारी दुकानातच आडवा होतो. गारा मृगाचं तयार फळ फोडतात, त्याच वेळी आंबियाचा नवा फुलोराही झडतो. एका तासात दोन बहार जातात. बँकेचं मार्चअखेर नेमकं याच्या पाठोपाठ येतं. मुलाला सांगा, अशा वर्षी वसुलीला गेला तर आधी बागेत जावं, मग ओसरीवर बसावं.

दुसरी गोष्ट, बागेवर कर्ज देताना सातबारा बघतोच, झाडाचा बुंधाही बघावा. जमिनीलगत सालीतून डिंक गळत असेल, तर तो डिंक्या. फायटोफ्थोरा नावाची बुरशी मुळं आणि खोड खाते. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, निचरा नसला की हा रोग हमखास. बुंध्याला पांढरट-निळा लेप दिसला, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी हे बोर्डो मलम, आणि झाडाभोवती दुहेरी आळं असेल, म्हणजे पाणी खोडाला टेकत नसेल, तर तो शेतकरी कर्ज फेडणाऱ्यातला समजावा. हा निकष कुठल्या परिपत्रकात सापडायचा नाही.

नागपूरचं म्हणून पुण्यात ऑक्टोबरमध्ये हिरवट संत्री विकतात. कच्ची असतात ना? आणि तुम्ही वर्णन करता ती केशरी संत्री गेली कुठे?
– एक वाचक, पुणे

कच्ची नसतात, रंग चढायचा असतो. संत्र्याच्या सालीतला हिरवा रंग उतरायला रात्री गार लागतात. कर्कवृत्त आमच्या बरंच वर, मध्य प्रदेशातून जातं. आम्ही त्याच्या खालचे, म्हणजे उष्ण कटिबंधातले. ऑक्टोबरात आमच्या रात्री काही गार नसतात, त्यामुळे आत रस तयार आणि साल हिरवी. थंडी पडली की तेच झाड पिवळं-केशरी दिसतं. बाजाराला रंग हवा म्हणून इथिलीन वायूच्या खोलीत ठेवून साल पिवळी करतात, त्यात वावगं काही नाही. कार्बाइड मात्र वाईट, त्यावर बंदीच आहे. चवीचं विचाराल तर फेब्रुवारीपर्यंत थांबा आणि मृग मागा. आंबियात आंबटपणा जास्त, मृगाची गोडी वेगळी. साल सुटी, फोडी हातानं वेगळ्या होतात, या गुणांवरच नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पुण्यात 'नागपुरी' पाटी लावून काय काय विकतात, ते मी पाहिलं आहे, त्यावर बोलत नाही.

काका, वडील गेल्यावर काटोलजवळची साडेतीन एकर बाग माझ्याकडे आली. मी मनीषनगरला राहतो, आयटीत आहे. आंबियाची फळं लिंबाएवढी झाली तेव्हाच एक व्यापारी येऊन पूर्ण बाग गुत्त्यानं, म्हणजे झाडावरच्या फळासकट ठोक भावानं, मागून राहिला आहे. इसार लगेच देतो म्हणतो. आई म्हणते, बाबा असंच विकायचे. मी कळमन्याच्या मंडीत स्वतः माल नेला तर जास्त मिळेल का?
– एक वाचक, नागपूर

बाळा, आधी तुझं वेळापत्रक सांग, मग मी भाव सांगतो. शनिवार-रविवारी बागेत जाणाऱ्यानं कळमन्याचा विचार करू नये. तिथे माल नेणं म्हणजे तोडणारे मजूर, छाटणी, कॅरेट, गाडी, पहाटेचा लिलाव, अडत आणि हमाली. मोठं फळ भाव खातं, मधलं चालतं, आणि लहान फळ, ज्याला आपण चुरी म्हणतो, ते गाडीभाडं भरून काढत नाही. गुत्त्यात व्यापारी चुरीसकट उचलतो, गुत्त्याची खरी किंमत त्यात आहे.

पण तुझे बाबा असंच विकायचे, यात आई एक गोष्ट सांगत नसेल, किंवा तिला माहीत नसेल. बाबा रोज बागेत होते. व्यापाऱ्याचा माणूस तोडायला आला नाही की दुसऱ्या दिवशी ते काटोलात त्याच्या दारात उभे. तू उभा राहणार नाहीस, तेव्हा तुझं काम कागदानं करायचं. माझ्या भावानं एकदा तोंडी सौदा केला. भाव पडला, तसा व्यापारी 'पुढच्या आठवड्यात' म्हणत राहिला, मग 'फळांची गळ फार झाली' म्हणून अर्ध्या पैशांवर आला. फळं झाडावरच, इसार त्याच्याच हिशोबात.

कागदावर तीन गोष्टी ठळक हव्यात. तोडणीची शेवटची तारीख. त्यानंतर झाडावर राहिलेलं फळ तुझं, आणि इसारही तुझा. आणि गळ कोणाच्या अंगावर, हे. ऑगस्ट-सप्टेंबरात आंबियाची गळ ठरलेलीच असते. रस शोषणारा पतंग रात्री फळाला भोक पाडतो, सततच्या पावसानं बुरशी येते, दोन्हींनी फळ खाली. सौदा गळीच्या आधी झाला असेल तर ती व्यापाऱ्याची जोखीम, म्हणूनच त्यानं भाव कमी लावलेला असतो. नंतर तीच गळ पुन्हा तुझ्याकडून कापू देऊ नको.

तारखेवर माझा एवढा जोर का, ते ऐक. आंबियासाठी झाडाला ताण द्यावा लागतो. डिसेंबरात पाणी तोडायचं, झाड थोडं सुकवायचं, जानेवारीत पाणी सोडलं की फुलोरा येतो. पण झाडावर जुनी फळं लटकलेली असतील तर ताण नीट बसत नाही. व्यापाऱ्यानं महिनाभर उशीर केला, तर यंदाचे पैसे कमी मिळतातच, पुढच्या वर्षीचं फूलही तो नेतो. हा तोटा सौद्यात कोणी धरत नाही.

दोन-तीन व्यापाऱ्यांना बाग दाखवल्याशिवाय इसार घेऊ नको. पहिला आलेला माणूस घाई करतो, कारण त्याला दुसऱ्याला बाग दाखवू द्यायची नसते. ग्रेडिंग-वॅक्सिंगची, म्हणजे फळ निवडून त्याला मेणाचा लेप देणारी केंद्रं आपल्या पट्ट्यात आहेत, शेजारच्या चार-पाच बागा एकत्र झाल्या तर तिकडचा भावही काढा. बांगलादेशकडे पूर्वी आपला बराच माल जायचा. 2019 नंतर त्यांनी आयातशुल्क चढवत नेलं आणि तो माल देशातल्याच मंड्यांत उतरू लागला. म्हणून व्यापारी 'बाजार पडला' म्हणतो तेव्हा दर वेळी खोटं बोलतो असं नाही. कधी कधी बोलतो.

आणि सालदार, म्हणजे वर्षभराचा गडी, ठेवायचा असेल तर गुढीपाडव्याला साल ठरतं, त्याआधी बोलणं कर. पाडव्यानंतर चांगला माणूस मोकळा सापडत नाही.

एवढी संत्री पिकतात, तर काटोलला रसाचा मोठा कारखाना का उभा राहत नाही? दर निवडणुकीत ऐकतो.
– एक शिक्षक, कळमेश्वर

गुरुजी, मीही नोकरीला लागायच्या आधीपासून ऐकतो. राजकारणाचा भाग तुम्ही जाणता, मी फळाचा सांगतो. नागपुरी संत्र्यात बिया असतात आणि लिमोनिन नावाचं कडू द्रव्य असतं. ताजं सोलून खाल्लं तर कळत नाही. रस काढून तापवला, ठेवला, की कडवट होत जातो. जगात रसाचे मोठे कारखाने चालतात ते व्हॅलेन्सियासारख्या गोड मोसंब्यांच्या जातींवर. शिवाय कारखान्याला फळ स्वस्त लागतं, म्हणजे त्याला चुरीच हवी. शेतकऱ्याला वाटतं, कारखाना आला की माझ्या मोठ्या फळाचा भाव वाढेल. तो वाढत नाही, फार तर चुरी फेकावी लागत नाही. तेही थोडं नाही, आमच्याकडे चुरीचे ढीग रस्त्याकडेला सडताना पाहिलेत. नागपूरच्या 'नोगा'चे स्क्वॅश-जॅम तुमच्या घरात आले असतील, म्हणजे करणारे होते आणि आहेत. पण तालुकाभराची संत्री एका कारखान्यात जिरतील, हे मला पटत नाही. त्यापेक्षा बिया कमी असलेल्या जातीची कलमं आणि पाणी यांवर भांडावं. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत निरोगी कलमं मिळतात, नोंदणी करावी लागते. शेंदूरजनाघाटची रोपवाटिका मोठी, तिथे घ्यायची तर कलमाचा डोळा जमिनीपासून किमान वीतभर वर बांधलेला आहे का, खुंट, म्हणजे खालचं मूळ रोप, जंबेरीचा की रंगपूर लिंबाचा, हे विचारून घ्या. पाण्याचं तर विचारू नका. वरूड-मोर्शीकडे भूजलाचा उपसा पुरे झाला, असं सरकारनंच म्हटलं, तरी बोअरच्या गाड्या फिरतच आहेत. आमच्याही बाजूला विहिरींचं तळ दिसायला लागलं आहे.

काटोलला आकाशातून दगड पडले होते, हे खरं की थाप?
– एक विद्यार्थिनी, हिंगणा

खरं. 22 मे 2012, भर दुपारी. आधी स्फोटासारखा आवाज, मग उल्केचे तुकडे गावात आणि आजूबाजूला पडले. शास्त्रज्ञांनी तपासून ती एल-6 प्रकारची कॉन्ड्राइट, म्हणजे दगडी उल्का, ठरवली, आणि जगाच्या उल्कांच्या यादीत तिचं नावच 'काटोल' आहे. त्यानंतर काही दिवस गावात प्रत्येक काळा दगड उल्काच होता, त्यातले कित्येक बहुधा अजूनही शोकेसमध्ये असतील.

मुलांना संत्र्याच्या बागा दाखवायच्या आहेत. कधी जावं?
– एक वाचक, धरमपेठ

फूल बघायचं असेल तर फेब्रुवारीत, काटोलच्या रस्त्यानं काच खाली करून जा, वास गाडीत येतो. फळ बघायचं असेल तर डिसेंबर. कोणाच्याही बागेत सरळ घुसू नका. गेटावर हाक मारा, 'बाग पाहाची होती भाऊ' म्हणा, नाही म्हणणारा मला अजून भेटला नाही. मालक बसवून चहा पाजेल, योग असला तर रोडगे आणि वांग्याची भाजीही मिळेल. मुलांना फळ तोडू द्यायचं असेल तर कात्री मागून घ्या आणि देठ थोडा ठेवून कापायला सांगा. ओढून तोडलं की देठाशी साल फाटते, आणि घरी नेलेल्या पिशवीतलं पहिलं सडतं ते हेच फळ.