छातीचा एक्स-रे काढला अन मग कळलं दिवस गेलेत: खाली करायची घाई करू नका

ताई, आधी रडणं थांबवा. तुम्ही लिहिलंय की लै दिवस खोकला होता म्हणून लातूरला छातीचा एक्स-रे काढला, नंतर कळलं दीड महिना झालाय, अन आता सासूबाई म्हणायल्यात लेकरू अधू होईल, खाली करून घ्या. मी बरीच वर्षं एक्स-रे टेक्निशियन आहे, अशा घाबरलेल्या लेकीबाळी कायम येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुम्हाला स्टँडला छाती टेकवून, हनुवटी वर करून, श्वास धरा म्हणले असतील. त्यावेळी पाठीवर उजेडाचा चौकोन पडतो, किरणांचा झोत तेवढ्यातच जातो, पोट त्याच्या खाली राहतं, तिथवर जातं ते अंगात विखुरलेलं थोडंसं. गर्भाला मिळतं 0.01 मिलिग्रेपेक्षाही कमी (मिलिग्रे म्हणजे अंगात किती किरण मुरले ते मोजायचं माप). अन काहीच काढलं नाही, घरीच बसलात तरी माती, हवा, आकाशातून येणारे किरण, ह्यातून नऊ महिन्यांत 0.5 ते 1 मिलिग्रे मिळतंच की! 50 मिलिग्रेच्या खाली व्यंग किंवा गर्भपात वाढल्याचं दिसलेलं नाही, अन आयसीआरपी ही किरणांपासून बचावाचा सल्ला देणारी जगातली मोठी संस्था सांगते की 100 मिलिग्रेच्या आत असेल तर किरणांच्या कारणानं गर्भ पाडू नये. 1986 ला चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट होऊन किरण पसरले तेव्हा लांब ग्रीसमध्ये नुसत्या भीतीनं कितीतरी बायांनी चांगले गर्भ पाडले, हे आठवलं की अजून जीव तुटतो.

सगळे एक्स-रे सारखे नसतात हे बी खरं. दात, हात, पाय ह्याचं काहीच नाही. कंबरेच्या मणक्याचा 1 ते 10 मिलिग्रेपर्यंत जातो, पोटाचा-ओटीपोटाचा सीटी त्याच्याहून जास्त, तिथं डॉक्टर हिशोब करून सांगतात. सोनोग्राफी अन एमआरआयमध्ये हे किरण नसतातच. म्हणून पाळी चुकली असली तर मशीनसमोर जायच्या आधी सांगायचं, लाजायचं नाही.

पण गरज असताना एक्स-रेच नको म्हणणं मला बिलकुल पटत नाही, खोकला टीबीचा असला अन तो न कळता अंगात राहिला तर आईला अन लेकराला दोघांनाबी त्रास, त्यापुढं छातीच्या एका फोटोचं काहीच नाही.

तुमच्या डॉक्टरीणबाईंना रिपोर्ट दाखवा, तारीख गरोदरपणाच्या कार्डावर लिहून घ्या, सासूबाईंना सोबत न्या म्हणजे त्यांच्याबी कानावर पडेल. अन खोकला अजून आहे का? दोन आठवड्यांच्या वर गेला असंल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, फुकट होते. काय निघालं ते इथं कळवा.