सुई टोचली, तिसरा डोस राहिला

प्रश्न : मी एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. चार वर्षांपूर्वी हिपॅटायटिस बीच्या लसीचे दोन डोस घेतले होते, तिसरा राहून गेला. मागच्या आठवड्यात इंजेक्शन देऊन झाल्यावर सुईला टोपण लावताना ती बोटात गेली. रुग्णाची हिपॅटायटिस बीची तपासणी निगेटिव्ह आली आहे. आता लस पहिल्यापासून घ्यावी लागेल का? आणि वॉर्डातल्या मावशींनी एकही डोस घेतलेला नाही, त्या इंजेक्शन देत नाहीत. तरी त्यांना लस हवीच का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : पहिल्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही. राहिलेला डोस याच आठवड्यात घ्या, तोही दंडावर. कमरेवर घेतल्यास लस चरबीत जाऊन तिचा परिणाम उणावतो. त्यानंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस ही, रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे किती आहेत ते मोजणारी तपासणी करा. तिचा आकडा १० किंवा त्याहून अधिक आला, तर तुम्हाला संरक्षण मिळाले असे समजावे. कमी आला तर पुन्हा तीन डोस घ्यावे लागतात. तीन डोस घेऊनही काही निरोगी माणसांत पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होत नाही, म्हणून ही तपासणी टाळू नका. रुग्णाची एचआयव्ही व हिपॅटायटिस सीची तपासणी झाली आहे का, तेही विचारून घ्या.

रुग्णाला हिपॅटायटिस बी असता, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला अशा एका टोचण्यातून लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के आहे. अशा वेळी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी, बोट पिळू किंवा चोखू नये, आणि लसीबरोबर हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, शक्यतो २४ तासांच्या आत घ्यावे. वापरलेल्या सुईला टोपण लावूच नये, कारण एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात टोपण धरल्यावर नेम चुकला की सुई थेट टोपण धरलेल्या बोटातच शिरते. हब कटर, म्हणजे वापरलेली सुई कापून टाकणारे उपकरण, आणि पांढरा, सुई आरपार जाणार नाही असा डबा खाटेजवळ ट्रॉलीवरच हवा. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर घाईच्या पाळीत हात टोपणाकडेच जातो.

मावशींविषयी तुम्ही विचारलेत, याचे मला मनापासून समाधान वाटले. त्या इंजेक्शन देत नाहीत हे खरे, पण चादरीच्या घडीत राहिलेली सुई, कापसाच्या बोळ्यात अडकलेले ब्लेड, भरलेली पिशवी हाताने दाबून तिला गाठ मारणे, हे सारे त्यांच्याच वाट्याला येते, आणि सुकलेल्या रक्तातही हा विषाणू किमान सात दिवस टिकून राहू शकतो. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे, मग तो कर्मचारी कंत्राटी का असेना. तेव्हा हे व्यवस्थापनाकडे लेखी मागा. त्यात उपकार मागितल्यासारखे काही नाही.

तुमच्या राहिलेल्या डोसच्या दिवशी मावशींनाही बरोबर न्या. त्यांचा दुसरा डोस एका महिन्याने आणि तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी येईल. त्या दोन्ही तारखा, आणि तुमच्या रक्ततपासणीची तारीखही, ड्युटीच्या तक्त्यावर आजच लिहून ठेवा.