साक्षीदाराच्या मागे फिरू नका, जबाबाची तारीख बघा

तापीकाठच्या एका गावातून एका शेतकरी भावाचं पत्र आलंय. सोबत मोबाईलवर काढलेले तेवीस फोटो आणि एक आवाजाची क्लिप. थोडक्यात हकीकत अशी. 2021 च्या हिवाळ्यात रात्री अकराच्या सुमारास केळीच्या बागेत खून झाला. बांधाचा जुना वाद होता म्हणून संशय पत्रलेखकाच्या मोठ्या भावावर गेला, आणि 2024 मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली. पाहणारा साक्षीदार एकच, शेजारच्या मळ्यातला. तोच आता एका भरीत पार्टीत बोलून गेला, "मी काई देखं नही, भो. सांगितलं तसं बोललो." यांचा प्रश्न असा: पाचशेच्या स्टँपवर त्याचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं तर भाऊ सुटेल का?

गाव आणि पीक बदलून हेच पत्र मला वर्षानुवर्षं येतं. कुठे कापूस असतो, कुठे केळी, स्टँप मात्र प्रत्येकाचा पाचशेचा.

नाही, भाऊ. त्या स्टँपने सुटणार नाहीत. शपथेवर, उलटतपासाला सामोरं जाऊन दिलेली साक्ष एका बाजूला आणि नोटरीसमोर सही केलेला कागद दुसऱ्या बाजूला, असं पारडं मांडलं तर न्यायालय बहुतेक वेळा पहिल्याच बाजूला झुकतं. उलट पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतं, हा माणूस आत्ताच का फिरला, त्याला कोणी काय दिलं? शिवाय तो साक्षीदार काय कबूल करतोय ते त्याला कळतंय का? खुनाच्या खटल्यात कोणाला तरी दोषी ठरवण्यासाठी जाणूनबुजून खोटी साक्ष दिली, तर जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 194 खाली जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. भरतासोबत बोलणं वेगळं. हे कलम कुणी वाचून दाखवलं की तो माणूस दुसऱ्या दिवशी गावात दिसणार नाही. तुम्हाला दोन लाखांत "साक्षीदार मॅनेज करून देतो" म्हणणारा जो कोणी भेटलाय, त्याला दारात उभं करू नका. त्या व्यवहाराचा सुगावा सरकारी वकिलाला लागला तर तुमचं खरं म्हणणंही कोणी ऐकणार नाही.

क्लिपचं म्हणाल तर तो फोन जपून ठेवा. विकू नका, रिसेट करू नका, क्लिप कापू नका, आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. अपिलात जादा पुरावा घेण्याची तरतूद आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 391, तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 432. न्यायालय ती वापरेल की नाही हे मी आज सांगू शकत नाही. वापरली तरी ती क्लिप जोडीला राहील, तिच्यावर अपील उभं राहणार नाही.

आता मुद्द्यावर येतो. तुमचं सगळं लक्ष साक्षीदार आज काय बोलतो याकडे आहे. तो तेव्हा काय बोलला नाही, हे तुम्ही पाठवलेल्याच कागदांत आहे आणि तुम्ही ते वाचलेलं नाही.

चौदावा फोटो उघडा. इन्क्वेस्ट पंचनाम्याचं, म्हणजे प्रेताची पाहणी करून केलेल्या पंचनाम्याचं, शेवटचं पान. उजव्या कोपऱ्यात तुमचा अंगठा आलाय. त्या अंगठ्याखाली अर्धवट झाकलेलं दुसऱ्या पंचाचं नाव मी फोटो मोठा करून तीनदा वाचलं. ते तुमच्या नेत्रसाक्षीदाराचं नाव दिसतंय. पंचनामा खुनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्याच बागेत झाला. म्हणजे ज्याने रात्री बांधावरून खून पाहिला असं सांगितलं, तो माणूस सकाळी प्रेताशेजारी, पोलिसांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता, त्याने सही केली आणि घरी गेला. रात्री तीन वाजता नोंदलेल्या फिर्यादीत आरोपी "अज्ञात इसम" आहे. आणि या साक्षीदाराचा पोलिसांनी जबाब कधी घेतला? घटनेनंतर सहाव्या दिवशी.

या पाच दिवसांवर तुमचं अपील आहे. बाकी सगळं त्याच्याभोवती.

नेत्रसाक्षीदाराचा जबाब उशिरा घेतला एवढ्यानेच साक्ष फेकून देता येत नाही, हे आधी मान्य करा. पण महाराष्ट्रातल्याच गणेश भवन पटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये म्हटलंय की, उशीर काही तासांचा असला तरी तपासी अंमलदार मुद्दाम थांबून खटल्याला आकार देत होता असं दाखवणारी परिस्थिती सोबत असेल, तर तो उशीर घातक ठरू शकतो. तिथे तास होते, तुमच्याकडे दिवस आहेत. आणि तुमची "परिस्थिती" म्हणजे पोलिसांच्याच कागदावरची ती सही.

सरकारी वकील काय म्हणतील तेही ऐकून ठेवा. एक, इन्क्वेस्टमध्ये मारेकऱ्याचं नाव असावंच लागत नाही. बरोबर आहे, 1975 पासून न्यायालयं तेच सांगत आली आहेत, आणि तुमच्या वकिलाने "इन्क्वेस्टमध्ये नाव नाही" हा मुद्दा रेटला तर तो पहिल्याच मिनिटाला पडेल. मुद्दा कागदावर कोणाचं नाव नाही हा नसून तो माणूस तिथे हजर होता, पोलिस समोर होते आणि तो गप्प राहिला, हा आहे. दोन, भीती. साक्षीदाराने साक्षीत सांगितलंय की "आरोपीच्या भीतीने मी कोणाला बोललो नाही." भीतीचं कारण न्यायालय मानतं, खेड्यात तर मानतंच. पण तुमच्याच अटक पंचनाम्यात भावाची अटक तिसऱ्या दिवशी आहे. आरोपी कोठडीत गेल्यावरही तीन दिवस भीती कोणाची? आणि घाबरलेला माणूस पंच म्हणून सही करायला पुढे येतो का? हे प्रश्न माझ्या मते जड आहेत. न्यायमूर्तींना तसे वाटतील का, ते त्या दिवशीच कळेल.

आता जिथे माझा जीव अडकलाय ती गोष्ट. 1973 च्या रणबीर विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, जबाब उशिरा का घेतला हे तपासी अंमलदाराला थेट विचारलं नसेल तर बचाव पक्षाला त्या उशिराचा फायदा घेता येत नाही. त्याला खुलाशाची संधी द्यावी लागते. तुम्ही तपासी अंमलदाराच्या साक्षीची फक्त पहिली दोन पानं पाठवलीत. उलटतपास पुढे सुरू होतो! जे पान हवंय तेच नाही. त्या पानावर "साक्षीदाराचा जबाब पाच दिवस उशिरा का घेतला याचं कारण मी सांगू शकत नाही" अशा अर्थाचं एक वाक्य जरी असलं, तरी अपील निम्मं उभं राहिलं समजा. प्रश्न विचारलेलाच नसेल तर काम अवघड, पण संपलं असं नाही. तपासी अंमलदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज 391 खाली करता येतो. आणि साक्षीदार सकाळी तिथे हजर होता हे सिद्ध करायला त्याच्या तोंडाची गरज नाही, कारण तो पंचनामा तुमच्या वकिलाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 294 खाली, म्हणजे साक्षीने शाबीत न करताच, मान्य केलेला दिसतो. बहुधा घाईत, "औपचारिक कागद आहे" म्हणून. त्यामुळे पंच म्हणून कोणी तपासलं गेलं नाही, पण कागदाला निशाणी, म्हणजे पुराव्यातला क्रमांक, मिळाली आणि तो पुराव्यात वाचता येतो. निष्काळजीपणातून कधीकधी असाही उपकार होतो.

एक खबरदारी. आपल्याकडे एकाच गावात त्याच नावाचे तीन पाटील निघतात. पंचनाम्यावरचं वडिलांचं नाव आणि वय साक्षीच्या पहिल्या पानाशी ताडून बघा. दोन वेगळी माणसं निघाली तर मी वर लिहिलेलं बरंचसं फाडून टाका.

उजेडाचा प्रश्न तुम्ही पत्रात दोन पानं लिहिलाय. थ्री फेज रात्री बंद होती, अमावस्या जवळ होती, केळीची पानं एकमेकांत गेलेली, साठ फुटांवरून तोंड दिसणं शक्यच नाही. मला पटतं, मीही केळीच्या बागेत रात्री पाणी भरलंय. पण तुम्हाला-मला पटून उपयोग नाही, रेकॉर्डवर काय आहे ते महत्त्वाचं. साक्षीदाराने न्यायालयात "मोटारीच्या खोलीवरच्या बल्बच्या उजेडात" पाहिलं असं सांगितलं आणि पोलिस जबाबात बल्ब नाही, एवढी वगळ, म्हणजे जबाबात सुटलेली गोष्ट, त्याच्या तोंडून आली आहे. ती तपासी अंमलदाराकडून शाबीत करून घेतली का, हेही त्याच हरवलेल्या पानांवर. घटनास्थळ पंचनाम्यात बल्बचा उल्लेख नसेल तर हा मुद्दा बराच वर येईल.

कोयत्याच्या जप्तीचं मी फार बोलत नाही. पंच फितूर झालाय, रासायनिक विश्लेषणात रक्ताचा गट निश्चित झाला नाही असं तुम्ही लिहिता, अहवाल मात्र फोटोंत नाही. नेत्रसाक्षीदार पडला तर एवढ्या जप्तीवर खुनाची शिक्षा टिकणं कठीण वाटतं. पण अहवाल न बघता यापेक्षा जास्त लिहिणार नाही. एकाच साक्षीदारावर शिक्षा होऊच शकत नाही असं कोणी सांगितलं असेल तर ते चूक. साक्षीदारांची संख्या कायदा मोजत नाही. 1957 च्या वडिवेलू थेवर निकालाने साक्षीदारांचे तीन प्रकार पाडले, पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह आणि मधला. मधल्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो. तुमच्या माणसाला किमान मधल्यात ओढायचं, एवढंच काम आहे.

आणि आता तुमचा उशीर. निकालाला चौदा महिने झाले. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत साठ दिवसांची, त्यातून नकलेसाठी लागलेले दिवस वजा. चौदा महिने तुम्ही काय केलंत? साक्षीदाराच्या मागे फिरलात. निकालाची नकल आरोपीला फुकट मिळते, ती भावाला मिळालीही, आणि ती जुन्या वकिलांच्या कपाटात पडून राहिली. मुदत कायद्याच्या कलम 5 खाली उशीर माफ होतो आणि जन्मठेपेच्या कैद्याचं अपील केवळ उशिरासाठी फेटाळायला न्यायालय सहसा तयार नसतं. पण अर्जात खरं लिहा: पैसे नव्हते, भावाला जळगावहून नाशिकरोडच्या तुरुंगात हलवलं, कागद जुन्या वकिलांकडे होते. प्रतिज्ञापत्राची वाट पाहत होतो, हे कारण म्हणून उभं राहत नाही. विचारलं तर लपवायचंही नाही.

दोन एकर बाग विकून दिल्लीचा वकील करायचं डोक्यातून काढा. अपील दिल्लीत नाही, छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात आहे. तुरुंगात असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्ये आहे. भाऊ तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील पाठवू शकतात. खाजगी वकील देणार असाल तर जळगावातच द्या किंवा खंडपीठात रोज उभा राहणारा बघा. सगळी पानं वाचणारा हवा, नाव मोठं नसलं तरी चालेल. अपिलात जुनं कलम 374 घालायचं की नवं 415, यावर वकील वाद घालत बसतील. दोन्ही घाला आणि पुढे व्हा.

अपील दाखल झालं की अंतिम सुनावणीला किती वर्षं लागतील हे मला विचारू नका, उत्तर देताना माझाच तोल जातो. म्हणून अपिलासोबतच शिक्षा स्थगित करून जामिनाचा अर्ज द्या, जुनं कलम 389, नवं 430. अपील लवकर ऐकता येत नसेल तर माणसाला आत का ठेवायचं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच कश्मिरा सिंग प्रकरणात विचारला होता. जन्मठेपेत जामीन सहज मिळत नाही, सरकारी बाजू ऐकावीच लागते. त्या अर्जात दहा मुद्दे भरू नका. चौदाव्या फोटोतली सही, तिसऱ्या दिवसाची अटक, सहाव्या दिवसाचा जबाब. तीन तारखा, एका पानावर.

सोमवारी जुन्या वकिलांच्या ऑफिसात जाऊन बसा आणि तपासी अंमलदाराच्या साक्षीची उरलेली पानं घेतल्याशिवाय उठू नका. फोटो पाठवाल तेव्हा पान खाली ठेवून काढा, अंगठा बाजूला घ्या.