पायथनमध्ये स्वल्पविरामांनी जोडलेल्या ओळीची यादी कशी करायची?

तुमची ओळ 'ठाणे, ऐरोली,,रबाळे' अशी आहे आणि स्प्लिट (मजकूर कापून तुकड्यांची यादी देणारी पायथनची सोय) केल्यावर यादीत मधेच रिकामा घटक येतो, हेच ना? स्प्लिटला स्वल्पविराम दिला की तो प्रत्येक स्वल्पविरामावर कापतो. दोन लागोपाठ आले की मधली रिकामी स्ट्रिंगही (एकही अक्षर नसलेला मजकूर) यादीत येते, आणि ऐरोलीच्या आधीची स्पेस तशीच चिकटून राहते. म्हणून प्रत्येक तुकड्यावर स्ट्रिप चालवा, म्हणजे दोन्ही टोकांच्या स्पेस निघतात, आणि रिकामे उरतील ते गाळा. लिस्ट कॉम्प्रिहेन्शनने, म्हणजे चौकटी कंसातच लूप लिहून यादी बनवायच्या पद्धतीने, हे एका ओळीत होतं. कंसात काहीच न देता स्प्लिट केलं, तर मात्र तो स्पेस-टॅबवर कापतो आणि रिकामे तुकडे ठेवतच नाही.

पत्ते असतील तर स्प्लिट नकोच. मी वाशीतल्या ग्राहकांची फाइल अशीच कापली होती. अवतरणचिन्हांतला "सेक्टर 17, वाशी" मधोमध तुटला, पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकले आणि पिनकोडच्या जागी वाशी येऊन बसलं. दुपारभर शोधत होतो. अशा ठिकाणी पायथनसोबतच येणाऱ्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या फाइली) मॉड्यूलचा रीडर वापरा. अवतरणातल्या स्वल्पविरामाला तो हात लावत नाही.

आणि हो, पूर्ण रिकामी स्ट्रिंग स्वल्पविरामाने कापली तर 0 नव्हे, 1 घटकाची यादी मिळते. मोजणी करत असाल तर ते आधी तपासा.